अधोरज्जू आणि इतर मालमत्ता

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, भाषा कार्यालयातून परिभाषा-संकलक या पदावरून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने, माझ्याच टेबलाशी बसून, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. ती थोडी कमी शाबूत असती तर हे काम एका पानात आटोपले असते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मनाच्या स्थितीबद्दल प्रमाणपत्र जोडावे असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून ते गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांकडून आणले. ते म्हणाले, "बाई, मी फक्त दाढांबद्दल लिहून देऊ शकतो." मी म्हटले, "मग लिहा, की शुद्धीवर नसलेला माणूस तुमच्या खुर्चीत बसून एवढा भांडत नाही." त्यांनी तसेच लिहून दिले आहे. सोबत जोडले आहे.

यापूर्वी मी चार वेळा मृत्युपत्र लिहायला घेतले आणि चारही वेळा एकाच कलमापाशी अडले. ते चारही मसुदे मी फाडून टाकले आहेत. कोणाला तुकडे सापडले तर ते जुळवत बसू नये.

कलम एक. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी माझ्या भाचीकडे, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीकडे सोपवते. कायद्यात तिला 'निष्पादक' म्हणतात. हा शब्द आमच्या शेजारच्या खोलीतल्या समितीने तयार केला; त्यात माझा हात नाही. भाची खाडीवरची डिझेलची फेरीबोट चालवते. दिवसातून अठरा वेळा ती या काठावरून त्या काठावर जाते आणि आजवर एकदाही भलत्या काठाला लागलेली नाही. तिला मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "आत्या, मला कायद्यातलं काही कळत नाही गं." मी म्हटले, "दोनशे प्रवाशांना रांगेत उभं करतेस ना? इथे वारस दोनच आहेत, त्यातली एक तू."

कलम दोन. धक्क्यासमोरचे दुमजली घर कागदोपत्री माझ्या एकटीच्या नावावर आहे. बाबांनी ते माझ्या नावावर केले, कारण सरकारी नोकरीइतका मजबूत पाया जगात दुसरा नाही असे त्यांचे मत होते. वरच्या मजल्यावर मी राहते. खालच्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ राहतो आणि तिथेच त्याचा शिवणकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, दोन यंत्रे आणि कापडाच्या ढिगात हरवलेल्या कात्र्या. हे संपूर्ण घर माझ्या पश्चात धाकट्याला मिळावे.

(हे कलम पुढे बदलले आहे. वकीलबाई म्हणतात, खोडून नवे लिहा. मी खोडणार नाही. काय मिळाले याबरोबर काय द्यायचे होते, हेही नोंदलेले असावे.)

कलम तीन. किरकोळ वस्तू. टंकलेखन यंत्र भाचीला; तिने ते वापरले नाही तरी चालेल, पण मुलाखत घ्यायला आलेल्या लोकांसमोर शोभेसाठी मांडू नये. माझी मोठी काळी छत्री गल्लीच्या टोकाच्या औषधवाल्यांना, कारण गेली सहा वर्षे ती त्यांच्याकडेच आहे. भाषा कार्यालयाने मला 'उत्कृष्ट सेवा' असे कोरलेली पितळी ताटली दिली होती. तिचे काय करायचे ते कलम पाच वाचल्यावर ज्याचे त्याने ठरवावे. बँकेत जे असेल त्याचा विनियोग कलम सहामध्ये सांगितला आहे. ते किती आहे याची चौकशी करणाऱ्या दूरच्या आतेभावांना माझा शेवटचा नमस्कार सांगावा.

कलम चार. माझी खरी मालमत्ता म्हणजे शब्द. त्यातले चांगले माझे नाहीत आणि माझे आहेत ते चांगले नाहीत. हे नीट सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आमचे बाबा शिडाच्या नावेचे तांडेल होते. तांडेल म्हणजे नावेवर ज्याचा शब्द चालतो तो. घरात आईचा चालत असे. धाकटा शाळा सोडून बाबांच्या नावेवर खलाशी झाला. मी शिकले, आणि भाषा कार्यालयात लागले. तिथे 'नौकानयन परिभाषा कोश' करायचे ठरले तेव्हा साहेबांनी विचारले, "पाण्याची माहिती कोणाला आहे?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या चपलांना कायम चिखल असे, एवढाच पुरावा.

दोन वर्षे मी संध्याकाळी धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून बाबांकडून आणि धाकट्याकडून शब्द टिपून घेतले. एका शब्दाला एक कार्ड. बाबा सांगत, धाकटा दुरुस्त करी, आणि मग दोघे वाद घालत. शिडाच्या खालच्या टोकाला एक दोरी असते, तिला ते दामण म्हणत. कार्डावर बाबांचेच वाक्य मी उतरवले आहे: "वारा अंगावर आला की पहिली ही सोडायची. शिडातला वारा जातो, नाव सरळ होते. बाकीचे विचार नंतर." तशीच पुढे एक दोरी असते. तिला ते नुसते 'पुढली' म्हणत. मी म्हटले, "बाबा, हा काय शब्द झाला?" बाबा म्हणाले, "पुढं असते म्हणून पुढली. मागं असती तर मागली म्हटलं असतं."

अशी तीनशे बारा कार्डे झाली. बावीस कार्डांवर शिव्या आहेत. त्याही कामाच्याच आहेत. कोणती शिवी कोणत्या वाऱ्याला, हे बाबांनी काटेकोरपणे सांगितले होते.

आमच्या समितीचे अध्यक्ष मोठे व्याकरणकार होते. बादलीतले पाणी हलले तरी त्यांना मळमळत असे, पण भाषेवर प्रभुत्व निर्विवाद. त्यांनी माझी कार्डे पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. "बाई, हे गोड आहे. पण ही परिभाषा नव्हे. दोरी म्हटली की ती दोरी आहे हे शब्दातच दिसलं पाहिजे. हे दामण काय, पुढली काय! यांचं एकमेकांशी नातं काय?"

त्या दुपारी मी जे केले ते करायला मला कोणी सांगितले नव्हते. कोशाच्या मुखपृष्ठावर दोनच नावे जाणार होती, एक अध्यक्षांचे आणि दुसरे ठरायचे होते. मी चाळिशीत होते आणि माझे नाव तोवर फक्त हजेरीपटावर छापून आले होते. जेवणाच्या सुट्टीनंतर मी कागद घेतला आणि नावेवरच्या सतरा दोऱ्यांना सतरा शब्द तयार केले. प्रत्येकाच्या शेवटी 'रज्जू'. शीड वर ओढायची ती ऊर्ध्वरज्जू. पुढली झाली अग्ररज्जू. दामण झाले अधोरज्जू. सतराही जणी एका घरच्या वाटाव्यात असे एकच आडनाव.

अध्यक्षांनी कागद वाचला आणि उभे राहून म्हणाले, "सुसूत्र!"

माझे नाव मुखपृष्ठावर आले.

कलम पाच. हेच ते कलम, ज्याच्यापाशी मी चार वेळा अडले. त्यात कोणतीही मालमत्ता नाही. हे माझे निवेदन आहे, आणि ते खरे असल्याची जबाबदारी माझी आहे.

कोश छापून झाल्यावर जलवाहतूक कार्यालयाने नियम काढला की परवाना नवा करायचा असेल तर तांडेल आणि खलाशी दोघांनीही नव्या शब्दांची परीक्षा द्यावी, आणि नावेवरचे हुकूम त्याच शब्दांत द्यावेत. बाबांचे वय तेव्हा बासष्ट होते. ते चष्मा लावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पाठ करायला बसत. धाकटा समोर बसून जेवत असे.

"बाबा, हे एवढं म्हणून होईपर्यंत वारा थांबणार आहे का?"

"थांबेल."

"आणि नाही थांबला तर?"

"पोरीनं केलेत शब्द," बाबा म्हणाले. "पाठ करायचे. कळलं?"

मी तिथेच होते. मीही काहीतरी ऐटीत बोलले. "वाऱ्याला सवय होईल हळूहळू," असे म्हटल्याचे मला आठवते. धाकट्याला माझे हे वाक्य अजून आठवत असेल तर त्याने विसरावे अशी विनंती आहे. ती बंधनकारक नाही.

परीक्षेत बाबा पहिले आले. धाकटा काठावर पास झाला.

मग कोशाचे प्रकाशन. सभागृहात नको, पाण्यावर करू, अशी कल्पना साहेबांची. अध्यक्ष, साहेब आणि सात पाहुणे बाबांच्या नावेत बसले. सुकाणूवर बाबा, दोऱ्यांवर धाकटा. मी धक्क्यावर उभी होते, हातात फाइल, कारण परतल्यावर सह्या घ्यायच्या होत्या. नाव शंभर हातांवर असेल. खाडीच्या वळणावर दोन टेकड्यांच्या मधून वारा अचानक येतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. तो आला. नाव एका अंगावर कलली. बाबा ओरडले. मला धक्क्यावरून शब्द कळला नाही, आवाज कळला.

धाकट्याने दोरी सोडली. ती पुढली होती.

शीड मोकळे व्हायच्या ऐवजी आडवे फुगले आणि नाव उलटली. तिथे पाणी छातीपर्यंतच होते, म्हणून सगळे वाचले. अध्यक्षांना दोघा कोळ्यांनी बखोट धरून बाहेर काढले. त्यांच्या खिशात कोशाची पहिली प्रत होती. पुढे त्यांनी अहवालात 'नौका अधोमुख झाली' असे लिहिले आणि त्यातला समास कोणालाही खटकला नाही. बाबा डोलकाठी आणि नावेच्या कडेमध्ये सापडले. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. नाव दुरुस्त होण्यासारखी राहिली नव्हती.

चौकशी बसायला सहा आठवडे लागले. मधल्या काळात धाकटा एकच गोष्ट सांगत होता: "मला नीट ऐकू आलं नाही. नुसतं 'रज्जू सोड' एवढंच आलं."

तिसऱ्या आठवड्यात एका वाऱ्याच्या दुपारी मी धक्क्यावर गेले. तिकीट देणाऱ्या कारकुनाला दुसऱ्या टोकाला उभे केले आणि सांगितले, हे दोन शब्द उलटसुलट ओरडा, मी लिहून घेते. तो म्हणाला, "बाई, लोक बघताहेत." मी म्हटले, "सरकारी काम आहे." तो वीस वेळा ओरडला. अकरा वेळा मी चुकीचे लिहिले. मी स्वतः, जिने ते शब्द तयार केले तिने. वाऱ्यात 'अधो' आणि 'अग्र' विरून जात आणि 'रज्जू' तेवढी पोचे. मग मी त्याला जुने शब्द ओरडायला सांगितले. दामण. पुढली. वीसपैकी एकही चूक नाही. कानाला ते दोन शब्द अगदी परके होते एकमेकांना. बाबांच्या आधीच्या कितीतरी तांडेलांनी ते तसे ठेवले होते, आणि मी एका दुपारी त्यांचे नाते जुळवून दिले.

तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. चौकशीच्या दिवशी तो पर्समध्येच होता.

चौकशी अधिकाऱ्यांनी धाकट्याचे म्हणणे वाचून दाखवले आणि माझ्याकडे वळून विचारले, "बाई, तुम्ही कोशाच्या संकलक. हे शब्द ऐकताना गोंधळ होऊ शकतो का?" अध्यक्ष माझ्या शेजारी बसले होते. समोरच्या बाकावर धाकटा होता. तो माझ्याकडे बघत होता. विनवणी नव्हती त्यात, नुसता बघत होता.

मी म्हणाले, "शब्द सुस्पष्ट आहेत."

धाकट्याचा परवाना 'परिभाषेच्या अज्ञानामुळे' कायमचा रद्द झाला. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली, आणि नंतर ती ताटली.

नंतरचे थोडक्यात सांगते, कारण नंतरचे एकतीस वर्षे चालले. धाकट्याने खालच्या मजल्यावर शिडे शिवायला घेतली. मग शिडेच राहिली नाहीत, तेव्हा ताडपत्र्या, दुकानांची छपरे आणि स्कूटरची आवरणे. त्याच्या तोंडून नावेवरचा एकही शब्द मी पुन्हा ऐकला नाही. कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी खाली जाऊन विचारले की वल्ह्याच्या रुंद भागाला तुम्ही काय म्हणत होता? तो सुईत दोरा ओवत म्हणाला, "विसरलो." कापडाच्या दोऱ्यांनाही तो 'हे' आणि 'ते' म्हणतो.

बाबा मात्र लाकडी पाय लावून एकोणीस वर्षे जगले आणि तेवढी वर्षे माझ्या शब्दांना चिकटून राहिले. अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीला ते 'ऊर्ध्वरज्जू' म्हणत. पाहुणे हसले की सांगत, "हसताय काय? आमच्या पोरीचा शब्द आहे." मी आत चहा गाळत असे आणि तो कपाबाहेर जात असे. त्यांना माझ्या पर्समधल्या कागदाबद्दल सांगावे असे मला रोज वाटे. रोज वाटणे आणि सांगणे यांच्यामध्ये मी एकोणीस वर्षे काढली.

बाबा गेल्यावर मी जलवाहतूक कार्यालयाला पत्र लिहिले. चाचणीचा कागद जोडला, चूक माझी होती असे स्वच्छ लिहिले आणि धाकट्याच्या नोंदीतला शेरा काढावा अशी विनंती केली. सात महिन्यांनी उत्तर आले. ते मी पाठ केले आहे: "खाडीत शिडाच्या नौका अस्तित्वात नसल्याने सदर शब्द वापरात नाही. शब्दच वापरात नसल्याने तो सदोष होता किंवा कसे, हा प्रश्न उद्भवत नाही. सबब प्रकरण बंद." मराठी निर्दोष होते. आमच्याच कार्यालयाने तयार केलेल्या नमुन्यावरून घेतलेले.

म्हणून हे कलम मृत्युपत्रात घालत आहे. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, निवेदन वेगळं करा, मृत्युपत्रात कशाला?" मी त्यांना समजावले की जिवंत माणसाच्या अर्जावर कार्यालय त्रुटी काढू शकते, मेलेल्या माणसाला दुरुस्ती करून पुन्हा सादर करा असे सांगता येत नाही. भाचीने या कागदाची प्रमाणित प्रत जलवाहतूक कार्यालयात द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

कलम सहा. मूळ तीनशे बारा कार्डे रद्दीत घालण्याचा हुकूम झाला होता. मी ती तीन खेपांत, डब्याच्या पिशवीतून घरी आणली. हा माझ्या सेवाकाळातला एकमेव गुन्हा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. बँकेतल्या शिलकीतून भाचीने ती कार्डे जशीच्या तशी छापून घ्यावी. प्रस्तावना नको. शिव्या गाळू नयेत. मुखपृष्ठावर बाबांचा उल्लेख 'तांडेल' आणि धाकट्याचा 'खलाशी' असा असावा. माझा कुठेही नसावा, आभारातसुद्धा. भाचीला मी ही कल्पना सांगितली तेव्हा ती हसून म्हणाली, "आत्या, बोटीवर आता एकच शब्द लागतो. रिव्हर्स." तरीही छापावे. तिला उपयोग नसला तरी त्या शब्दांना कुठेतरी राहायला जागा हवी.

कलम सात. अध्यक्षांबद्दल मी मनात काही ठेवलेले नाही. बरेच होते, वर लिहून झाल्यावर संपले. त्यांनी फक्त दाद दिली. शब्द मीच केले होते.

कलम आठ. हे मृत्युपत्र इथेच संपणार होते. वकीलबाईंनी मसुदा पक्का करून दिला होता. पण वारसाला आधी कळवावे असे माझ्या मनात आले. खरे सांगायचे तर मेल्यावर कबुली देण्यात मला थोडी लबाडी वाटू लागली होती. म्हणून परवा सकाळी कागद घेऊन खाली गेले.

धाकटा एका स्कूटरच्या आवरणाला कड घालत होता. मी म्हटले, "जरा यंत्र थांबव. वाचून दाखवायचं आहे." तो म्हणाला, "चालू असलं तरी ऐकू येतं मला." मी कलम पाच वाचायला सुरुवात केली. चाचणीच्या कागदापर्यंत आले तेव्हा यंत्र थांबले होते. मी मान वर न करता शेवटपर्यंत वाचले.

धाकट्याने जाड सुई दाबण्यासाठी हाताला बांधलेले चामडे सोडले, टेबलावर ठेवले.

"अकरा वेळा चुकलीस?"

"वीसपैकी अकरा."

"मी नव्हतो चुकलो," तो म्हणाला.

मला कळले नाही. तो माझ्याकडे न बघता आवरणाची कड बोटांनी सरळ करत राहिला.

"मला नीट ऐकू आलं होतं, ताई. 'अधो' ऐकू आलं, 'रज्जू' ऐकू आलं. माझा हात त्याच दोरीवर होता. पण मी सोडली नाही. म्हटलं, बाबांनी एकदा त्या साहेबांसमोर दामण म्हणावं. एकदा म्हणू दे, मग सोडतो. दोनतीन सेकंद थांबलो असेन. तेवढ्यात ती कलली, मी घाबरलो आणि हाताला लागेल ती दोरी सोडली."

बाहेर भाचीच्या बोटीचा भोंगा झाला. आम्ही दोघांनी सवयीने घड्याळ पाहिले.

"मग चौकशीत ऐकू आलं नाही असं का सांगितलंस?"

"सबब होती ती. सुचली तशी सांगितली." तो जरासा हसला. "ती खरी निघेल हे मला काय माहीत! तुला माहीत होतं."

म्हणजे त्या खोलीत आम्ही दोघेच खोटे बोललो. त्याचे खोटे तपासले असते तर खरे ठरले असते, आणि माझे खरे मानले गेले. परिभाषेत या प्रकाराला काय म्हणावे, मला सुचत नाही.

मी विचारले, "पण नंतर? एकतीस वर्षांत एकदा तरी सांगायचंस."

"तू बोलतेस का, ते बघत होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी तू माझी बाजू घेतली असतीस ना, तर तिथंच उभं राहून खरं सांगून टाकलं असतं. शपथ. नाही घेतलीस, तेव्हा म्हटलं, राहू दे. बघू कोण आधी बोलतं."

मला त्याच्यावर ओरडायचे होते. एकतीस वर्षे मी त्याच्या गप्प राहण्याला क्षमा समजत होते आणि त्या क्षमेपुढे मान खाली घालून जिना चढत-उतरत होते. ती क्षमा नव्हतीच, हट्ट होता, आणि तो अस्सल आमच्या घरचा होता. पण ओरडायला तोंड उघडले आणि हसू आले. मग त्यालाही आले. आम्ही इतके हसलो की आवरण न्यायला आलेले गिऱ्हाईक दारातूनच परत गेले. हसता हसता धाकटा केव्हा डोळे पुसू लागला ते मी पाहिले नाही असे इथे नमूद करते.

मी म्हटले, "मग कलम पाच काढून टाकू?"

"काढू नको. तुझं आहे, राहू दे. पण माझंही लिही खाली."

वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, मृत्युपत्राखाली ज्याची सही होते त्याला त्यातला वाटा मिळत नाही. एवढ्यासाठी घर घालवणार का ते?" मी धाकट्याला तसेच्या तसे सांगितले. त्याने क्षणभर छताकडे पाहिले, म्हणजे माझ्या जमिनीकडे.

"घर पोरीच्या नावावर कर," तो म्हणाला. "मी सही करतो."

त्यानुसार कलम दोनमधले घर आता भाचीला मिळावे. धाकटा आहे तिथेच राहील. त्याला कोणी हलवू शकेल असे मला वाटत नाही.

कलम नऊ. धाकट्याचे म्हणणे, त्याने सांगितले तसे:

"मी खलाशी होतो. चौदा वर्षं होतो. त्या दिवशी बाबांनी हुकूम दिला तो मला नीट ऐकू आला आणि कळला पण. मी मुद्दाम थांबलो. बाबांचा पाय माझ्यामुळं गेला. मला शब्द येत नव्हते म्हणून परवाना काढून घेतला असं लिहिलंय ते चूक आहे. मला सगळे शब्द येत होते. जुने पण आणि ताईचे पण. सतराच्या सतरा रज्जू मी आत्ता म्हणून दाखवतो पाहिजे तर. परवाना काढून घेतला ते बरोबरच केलं, पण कारण बरोबर लिहा. अज्ञान नव्हतं, माज होता. बाकी काही मागणी नाही. वल्ह्याच्या रुंद भागाला आम्ही पातं म्हणायचो, तेवढं ताईच्या कार्डात टाका."

वरील मजकुरातला एकही शब्द मी दुरुस्त केलेला नाही.

असे हे मृत्युपत्र, दोन माणसांच्या कबुलीचे, मी लिहून पुरे केले. यात खाडाखोड नाही.

ठिकाण: खालचा मजला, शिवणाचे लांब टेबल.
दिनांक: सतरा मार्च, सकाळी साडेदहा.

सही: ताई (परिभाषा-संकलक, निवृत्त)
सही: धाकटा (खलाशी)

साक्षीदार:
१. औषधांच्या दुकानाचे मालक. (सही करणाऱ्याला वाटा नाही म्हणून छत्री परत आणली होती, बाईंनी घेतली नाही.)
२. भाषा कार्यालयातील निवृत्त टंकलेखिका.

आम्ही दोघे साक्षीदार नमूद करतो की वरील दोन्ही सह्या आमच्या समक्ष झाल्या. आधी कोणी सही करायची यावरून बहीण-भावांत सुमारे वीस मिनिटे वाद झाला. धाकट्यांनी आधी केली.